पामाचं हिवाळी पांघरूण: अंग झाकलं, पण माथ्याचं काय?

२०२३ च्या नोव्हेंबरात मी लेकीकडे म्युनिकला पोचले, तेव्हा तिच्या मागच्या अंगणात माझ्या खांद्याएवढा एक पाम उभा होता आणि जिन्याखाली एक न उघडलेला खोका पडला होता. खोक्यावर पामाचाच फोटो: चहूकडे बर्फ आणि झाडाच्या अंगात पांढरा झगा. जावयांनी ऑनलाइन मागवलेला हा ‘हिवाळी संच’. किंमत ८९ युरो, तेव्हाच्या दराने आठेक हजार रुपये. आत जाड पांढऱ्या फ्लीसची चेनची पिशवी, खोडाला गुंडाळायची काथ्याची चटई, बुंध्याशी मातीवर पसरायची काथ्याची चकती, ८० वॉटची पाच मीटर लांब तापणारी वायर आणि बांधायला दोरी. सोबत सहा भाषांतलं एकपानी माहितीपत्रक.

हा संच आता दोन हिवाळे वापरून झाला. पहिला मी स्वतः उभी राहून, दुसरा गोव्यातल्या आमच्या सावईवेऱ्यातून व्हिडिओ कॉलवर सांगून. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांतली मुलं आज जर्मनीत, पोर्तुगालात, इंग्लंडमध्ये आहेत. दारात माड असलेल्या घरात वाढलेल्या मुलाला परदेशातल्या अंगणातही माडासारखं काहीतरी हवंसं वाटतंच. त्यांनी पैसे घालण्याआधी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी झाडाबद्दल. नारळ किंवा पोफळ तिथे उघड्यावर जगवायचा विचार मनात आणू नका. कितीही गुंडाळा, ती उष्ण मातीची झाडं आहेत, गोठणाऱ्या थंडीत जातात. तिकडच्या दुकानांत मिळतो तो बहुधा ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी. मूळचा चीनचा. पंख्यासारखी पानं, आणि खोडावर तपकिरी केसाळ धाग्यांचं वेष्टण, जणू झाडाने जन्मतःच घोंगडी पांघरली आहे. चीनमध्ये याच धाग्यांचे दोर वळत आणि पावसात अंगावर घ्यायची पांघरुणं विणत. रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाचं नाव आपल्याकडे चहामुळे माहीत असतं, चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणणारा तोच. त्याने १८४९ मध्ये या पामाची रोपं इंग्लंडला धाडली, लंडनमधल्या क्यूच्या वनस्पतिबागेसाठी आणि राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउससाठीही.

या कुळातला एक भाऊ आपला आहे, हे मला म्युनिकमध्ये शेजारच्या आजोबांनी सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं. उत्तराखंडात पिथौरागडजवळ थाकिल नावाचा डोंगर आहे. तिथल्या पामाला त्याच डोंगरावरून ट्रॅकिकार्पस ताकिल असं नाव पडलं. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर, हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या ओक वृक्षांच्या रानात तो वाढतो. म्हणजे बर्फातला पाम हा काही कुणाचा हट्ट नाही, अशा रानात तो आपोआप उगवतो.

आता थंडीच्या आकड्याविषयी. जावयांना नर्सरीत ‘उणे १८ अंशांपर्यंत टिकतो’ असं सांगितलं होतं. हा आकडा खोटा नाही, पण अर्धा आहे. जमिनीत चार-पाच वर्षं मुरलेलं, जाड खोडाचं झाड, कोरडी थंडी आणि एखाद-दोन रात्रींचा प्रश्न, एवढं जुळून आलं तर. आमचं झाड त्याच वर्षी एप्रिलमध्ये कुंडीतून जमिनीत गेलेलं, मुळं अजून कुंडीच्याच आकारात. अशा झाडाला उणे ८-१० नंतर आधार लागतो. कुंडीतच ठेवलेल्याला तर त्याहून आधी, कारण कुंडीतली माती चहूबाजूंनी गोठते. मेडिटरेनियनकडचा कॅमेरॉप्स नावाचा बुटका पाम मिळतो, तो याच्यापेक्षा नाजूक. अमेरिकेच्या आग्नेय भागातला काटेरी नीडल पाम सगळ्यांत चिवट, पण तो खोड धरून उंच होत नाही, झुडुपासारखा राहतो. लेकीला उंच झाड हवं होतं. तिच्या खोलीच्या खिडकीतून सावईवेऱ्यात माड दिसायचा, तसं.

संच पहिल्यांदा बांधला तो माहितीपत्रकात लिहिलं होतं तस्साच. पानं खालून वर गोळा करून दोरीने सैल बांधली. बुंध्याशी वायरचा एक वेढा, मग खोडाला वेटोळी. त्यावर काथ्याची चटई. ती चटई हातात घेतली आणि मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले. कागदी पट्टीवर ‘भारतात तयार’ असं छापलेलं. थोडी ओली होती, तिला सोडणांचा वास येत होता. आमच्या आत्याच्या पडवीत सुंभ वळायला बसलं की यायचा, तोच. माडाच्या सोडणाचा काथ्या समुद्र ओलांडून इथे येऊन दुसऱ्या एका झाडाला ऊब देत होता. विणही चांगली घट्ट, खाली रबराचा थर नाही, त्यामुळे हवा खेळते. संचातली ही वस्तू मी डोळे मिटून घ्यायला सांगेन. दोन हिवाळ्यांनंतर तिचा एक धागा सुटलेला नाही.

चटईवरून फ्लीसची पिशवी. कापड जाड आहे, शिवण दुहेरी आहे. चेन मात्र प्लास्टिकची आणि हलकी, पहिल्याच आठवड्यात दात सुटले. मी सरळ सुई-दोऱ्याने टाके घातले. पिशवीच्या तोंडाला नाडी आहे, ती ओढून माथ्यावर गाठ मारायची. पत्रकात तेवढंच लिहिलं होतं. त्या गाठीपाशी पिशवीला एक वाटीसारखा खळगा पडतो, हे तेव्हाच माझ्या नजरेला खुपलं होतं. मी बोलले नाही. नवीन वस्तू आहे, करणाऱ्यांनी विचार केला असेल, असं वाटलं.

२ डिसेंबरला म्युनिकला जो बर्फ पडला त्याची बातमी इथेही आली होती. विमानतळ बंद पडला, ट्राम-गाड्या थांबल्या. सकाळी दार उघडलं तर पाम दिसेना, एक पांढरी समाधी दिसत होती. जावयांनी झाडूने पिशवीवरचा बर्फ पाडला, नाहीतर पानांचे देठ मोडलेच असते. ज्यांच्याकडे असा बर्फ पडतो त्यांनी पिशवीच्या आत तीन बांबूंचा तिवडा उभा करावा आणि पिशवी त्यावर घालावी. पानांवर भार येता कामा नये.

पुढचे काही दिवस थर्मामीटर रात्री उणे १२, उणे १३ दाखवत होता. वायर चालू होती, तेवढा धीर होता. मग नाताळच्या आधी हवा पालटली. उष्ण वारा, पाऊस, बर्फाचा चिखल. दुपारी ९ अंश झाले तेव्हा मी लेकीला म्हटलं, चल, उघडून बघू.

“आई, पत्रकात मार्चपर्यंत उघडू नका असं लिहिलंय.”

“आपल्याकडे पोफळ आजारी दिसली तर पत्रक बघून वर चढतात का?”

टाके उसवले. आतून जी वाफ आली तिला कुबट वास होता. पानांच्या बेचक्यात बुरशीची पांढरी साय. मधल्या सुरळीभोवती, जिथून नवं पान वर येतं तिथे, पाणी साचलेलं, बोट बुडेल एवढं. सुरळीचं टोक दोन इंच तपकिरी झालेलं.

इथे पामाची शरीररचना सांगायला हवी, कारण सगळा खेळ तिथे आहे. आंब्या-फणसाची फांदी मेली तर दुसरी फुटते. माड, पोफळ आणि आमचा हा पाम एकाच कोंबावर जगतात. माथ्याच्या आत, पानांच्या देठांनी झाकलेला तो एक कोंब. तो कुजला की पानं महिनोन् महिने हिरवी दिसतील, पण झाड गेलेलं असतं. आमच्याकडे पावसाळ्यात माडाचा कोंब कुजतो तेव्हा मधली सुरळी हाताने ओढली तर अलगद निघून येते, आणि तिच्या बुडाला असा वास येतो की तो विसरता येत नाही. म्युनिकमध्ये मी त्या सुरळीला हात लावला तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हलकेच ओढली. आली नाही. घट्ट होती.

त्या रात्री मी घरी फोन लावला. इकडे सुपारी सोलायची गडबड चालली होती. ह्यांना सगळं सांगितलं: थंडी एवढी, वायर एवढी, पिशवी अशी. ह्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “अगो, पाणी येतंय कुठून?”

मी उणे १३ धरून बसले होते. पाण्याकडे माझं लक्षच नव्हतं. सकाळी उठून नीट बघितलं तेव्हा कळलं. वायरमध्ये बसवलेला थर्मोस्टॅट ५ अंशांखाली चालू होतो आणि १३ च्या आसपास बंद. त्याचा संवेदक वायरच्या टोकाला, म्हणजे आम्ही बांधलं होतं त्याप्रमाणे बुंध्याशी, काथ्याच्या चकतीवर. पत्रकात जागा सांगितलेलीच नाही. तिथे बर्फाखाली कायम शून्याच्या जवळपास. त्यामुळे वायर रात्रंदिवस चालू. आतली ऊब वर चढली, पिशवीच्या माथ्यावरच्या खळग्यातला बर्फ वितळला, फ्लीस काही पाणी अडवत नाही, थेंब थेंब थेट कोंबात. म्हणजे झाड वाचवायला लावलेली वायरच झाडाच्या माथ्यात पाणी ओतत होती.

वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यातून मी तिथे गेले होते. पोफळीचा कोळेरोग पाण्याने पसरतो म्हणून आम्ही मृगाच्या आधी घडांवर बोर्डो हे बुरशीनाशक मारतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. एवढं ठाऊक असून मी परक्या थंडीला घाबरले आणि ओळखीच्या पाण्याला विसरले. याची मला आजही रुखरुख आहे.

मोरचूद तिथे आपल्यासारखा वाण्याकडे मिळत नाही. लेकीने फार्मसीतून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. साचलेलं पाणी जुन्या सुती पंच्याने टिपून काढलं, पेरॉक्साइड कोंबाभोवती ओतलं, फेस येऊन निवला. मग दोन दिवस पिशवी न घालता झाड तसंच वाऱ्याला ठेवलं. हवा शून्याच्या वर होती म्हणून हे जमलं. बांधून पुन्हा कोंडण्याची घाई केली असती तर बुरशीच पोसली असती.

आणि मग आम्ही इरलं केलं. लावणीच्या दिवसांत बायका पाठीवर घ्यायच्या त्या इरल्याचा आकार डोळ्यांसमोर धरून. जावयांकडे पारदर्शक पन्हळी पत्र्याचा एक तुकडा होता. मधून वाकवून कणा वर, दोन बाजू उतरत्या. बांबूच्या तिवड्यावर पिशवीपासून वीतभर उंच बांधला, चारही बाजूंनी मोकळा. पाणी कडेने निथळून लांब पडेल, हवा मात्र आत-बाहेर होईल. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते, मग स्वतः स्क्रू आणि पाना घेऊन आले.

वायरचा बंदोबस्त वेगळा केला. बाजारात तापमान ठरवता येणारं प्लग मिळतं, बाहेर लोंबणाऱ्या संवेदकासह. २८ युरोंना घेतलं. संवेदक कोंबाच्या शेजारी टांगला आणि उणे ४ ला चालू, उणे १ ला बंद असं लावलं. संचाचा स्वतःचा थर्मोस्टॅट त्या थंडीत चालूच राहतो, त्यामुळे खरा हुकूम या प्लगाचा. या झाडाला उन्हाळा नको असतो, फक्त कडाका मोडायला हवा. जावयांनी विजेचा मीटर लावून ठेवला होता. आधी दिवसाला जवळजवळ दोन युनिट जात होते, म्हणजे पाऊण युरो. नंतरच्या अख्ख्या जानेवारीत मिळून १४ युनिट. जानेवारीतही थर्मामीटर दोनदा उणे ११ ला गेला होता, तरी.

आणखी एक गोष्ट आजोबांनी शिकवली, ती मी आता आमच्या कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, रोपांनाही करते. सुरळी जिवंत आहे की नाही हे ओढून बघायचं नाही, सारखं ओढून ती सैल होते. सुरळी आणि तिच्या शेजारच्या जुन्या पानाचा देठ यांच्यावरून एक आडवी रेघ मारायची. सुरळी वाढली की तिच्यावरची रेघ वर सरकते, देठावरची तिथेच राहते. माझ्या पर्समध्ये काजळाची पेन्सिल होती, तिने मारली. अर्धी रेघ हिरव्या कोवळ्या सुरळीवर, अर्धी केसाळ देठावर. रोज सकाळी चहा घेऊन मी त्या रेघेकडे जायचे. हिवाळ्यात पाम वाढत नाही हे कळत होतं, तरी जायचे.

शेंगेन व्हिसाचे नव्वद दिवस भरत आले, फेब्रुवारीच्या मध्यावर मी परतले. रेघ तोवर एकसंध होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी इथून सांगितलं, ढगाळ दिवस बघून पिशवी काढा. काथ्याची चटई आणि पिशवी दोन्ही एकदम काढली तर आतून आलेलं पान कडक उन्हाने भाजतं, जसं पाऊस सरल्यावर दक्षिण-पश्चिमेच्या उन्हाने कोवळ्या पोफळीचं खोड भाजतं आणि आम्ही त्याला विऱ्या, म्हणजे पोफळीच्या झावळ्यांची रुंद बुडं, बांधतो. म्हणून पिशवी आधी, चटई दहा दिवसांनी. खालची दोन पानं करपली होती, बाकीची हिरवी. २१ एप्रिलला लेकीचा फोटो आला. काजळाची रेघ तुटली होती. सुरळीवरचा तुकडा देठावरच्या तुकड्यापासून चांगला बोटभर वर.

दुसऱ्या हिवाळ्यात, २०२४-२५ ला, काहीच नाट्य झालं नाही. इरलं ऑक्टोबरच्या शेवटीच बसवलं, पिशवी मात्र थर्मामीटर उणे ६ ला गेल्यावरच घातली आणि थंडी ओसरली की काढली, तीन वेळा. झाडाला जेवढा वेळ उघडं ठेवता येईल तेवढं ठेवावं.

तर संचाबद्दल माझं मत असं. काथ्याची चटई आणि चकती उत्तम, पाचपैकी पाच. चकतीखाली सुकी पानं वीतभर घाला, मुळांपाशी माती गोठत नाही. फ्लीसचं कापड चांगलं, चेन वाईट, म्हणून साडेतीन. वायर स्वतः ठीक, तिचा थर्मोस्टॅट या कामाचा नाही, वेगळं प्लग घेणार नसाल तर ती लावूच नका. माथ्याची रचना सपशेल चुकलेली आहे. पामासाठी म्हणून विकायच्या वस्तूत पामाचा कोंब कुठे असतो याचा विचार नसावा, याचा मला राग आला. मी विक्रेत्याला लेकीकडून जर्मनमध्ये पत्र लिहून घेतलं, फोटो जोडून. उत्तरात पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलतीचं कूपन आलं. माथ्याविषयी एक अक्षर नाही. ८९ युरोंत हा संच घेण्यापेक्षा चटई, चकती आणि फ्लीसचं कापड सुटं घ्या, ४०-४५ युरोंत होतं. उरलेल्यात ते प्लग आणि इरल्याचा पत्रा येतो.

स्विंडनला आपले गोंयकार पुष्कळ आहेत, तिथल्यांनी तर यातलं बहुतेक काही घेऊ नये. दक्षिण इंग्लंडच्या थंडीत जमिनीत मुरलेल्या फॉर्च्युनीला वायर लागत नाही. पाणी निथळणारी माती, वाऱ्याच्या आडोशाची जागा आणि लावल्यापासून पहिली दोन वर्षं माथ्यावर छप्पर, एवढं पुरे. पोर्तुगालात राहणाऱ्यांना सखल भागात तेही नको. बव्हेरिया, पोलंड, कॅनडाचा पूर्व भाग अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी मात्र रोप घेतानाच हिशोब करावा. कॅनडात उणे २० च्या रात्री येतात, तिथे पिशवी पुरत नाही, झाडाभोवती थर्माकोलची खोलीच उभारावी लागते.

या नोव्हेंबरात मी पुन्हा जाणार आहे. आत्याच्या वळणीचं सुंभ अजून आमच्या माळ्यावर आहे, त्याची दोन भेंडोळी बॅगेत घातली आहेत. संचातली दोरी ओली झाली की ताणली जाते आणि इरलं वाऱ्याने हलतं, असं लेक सांगत होती.